गाळलेली माशी

मी विज्ञानाची शिक्षिका. अकोल्यातल्या शाळेत पोरांना पावावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यात माझं आयुष्य गेलं. अंगात येणं, नजर लागणं असलं कोणी सांगू लागलं की मी चहा टाकायला उठून जाते. तेव्हा या पोस्टखाली कोणी 'भास असेल ताई' लिहिणार असेल, तर त्याने आधी त्या संत्र्यात बोट घालून यायला हवं होतं...

आणखी एक सांगणं भाग आहे. मला माशीची भयंकर शिसारी येते. माशी बसलेलं अन्न मी खात नाही, कोणाला खाऊ देत नाही. या घरात जाळीशिवाय भांडं राहत नाही, आणि त्यावरून सगळे माझी टिंगल करतात.

निवृत्त झाल्यावर ऑइल पेंटिंग शिकायचं मनात घेतलं. दर रविवारी अमरावतीला जायचं, राजापेठेत एका वयस्कर सरांकडे. त्यांची पद्धत एकच. जुन्या उस्तादाच्या चित्राची प्रिंट समोर ठेवायची, तशीच मांडणी घरी करायची, आणि दोन्हींकडे बघत रंगवायचं. चित्र पूर्ण होईपर्यंत मांडणी हलवायची नाही.

"आपली अक्कल लावाची नाही, मॅडम," सर म्हणाले. "त्यानं जे काढलं ते सगळं काढाचं. मंग समजते तो काय पाहून राह्यला होता ते."

माझ्या वाट्याला आलेलं चित्र कोण्या परदेशी उस्तादाचं, काही शतकांपूर्वीचं. चांदीचं ताट, काचेचा पेला, अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून लोंबतेय. आणि लिंबाच्या गरावर बसलेली एक माशी. मी मागच्या खोलीत पितळी ताट मांडलं. भावाने वरूडहून संत्र्यांची पेटी पाठवली होती, म्हणून लिंबाच्या जागी संत्रं ठेवलं. त्यावर सरांची हरकत नव्हती. माशी मात्र मी सरळ गाळली.

"माशी काहून गाळली?"

"खायच्या वस्तूवर माशी मी काढणार नाही, सर. किळस येते."

"उस्तादाले येत नसन काय? तरी काढली त्यानं."

मी हो-हो केलं आणि विषय सोडून दिला.

अर्धवट सोललेलं संत्रं अकोल्याच्या मार्चमध्ये एका दिवसात कोमेजतं. हे कोमेजलं नाही. पेटीतली बाकीची संत्री बुरशीने हिरवी पडली, ती फेकली. हे मात्र आत्ता सोलल्यासारखं रसरशीत, आणि त्याच्याकडे एक माशी फिरकेना. मला तर बरंच वाटलं, मॉडेल टिकतंय म्हणून.

कुजायला लागलं ते चित्र. कॅनव्हासवरच्या संत्र्याचा रंग वाळेना. त्याची एक बाजू खचली, काळपट झाली. खोलीत आंबूस वास भरला... जवसाचं तेल नासलं असेल म्हणून मी बाटली बदलली. मग एकदा भर दुपारी रंग दाबून बघितला. बोट नखापर्यंत आत गेलं. आत कापड लागायला हवं होतं, पण लागला चिकट, धाग्या-धाग्यांचा गर. मोरीत जाऊन ओकले. साबणाने कितीदा हात धुतले, तरी त्या हाताने पोळी लाटवेना.

त्याच दिवशी संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या खोलीतून हात पुसत बाहेर आले.

"काय गोड संत्रं आहे व सूनबाई. एकच फोड खाल्ली."

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताट सरकवलं.

"वरण नासलं हे."

"आत्ताच उतरवलं जी, मामाजी."

"सडका वास येऊन राह्यला. तुले येत नाही काय?"

येत होता, त्यांच्या श्वासाला. मागच्या खोलीतला तोच वास. त्यानंतर भाकरी, दूध, फळ, सगळंच त्यांना सडकं लागायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आमच्या यांनाही, म्हणजे नवऱ्याला, वास येईना, ते माझ्यावरच चिडले, "तुझ्या टर्पेन्टाइनमुळंच होऊन राह्यलं हे." ऐंशीच्या घरातलं शरीर, नुसत्या पाण्यावर किती तग धरणार? सगळ्यांचा विरोध असताना मला नोकरी करू दिली ती या माणसाने. ते डोळ्यांदेखत वाळत होते आणि मला त्यांच्याजवळ बसताना मळमळत होतं. याची मला लाज वाटायची.

शेवटी सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"जे गाळलं ते काढा," एवढंच म्हणाले.

सकाळीच ब्रश घेतला. नाकाला पदर, तोंड अर्धं वळवलेलं. काळ्या रंगाचा एक ठिपका, पंखांसाठी दोन राखाडी फटकारे. पाय काढायची हिंमत झाली नाही. ब्रश फेकून बाहेर आले.

दुपारी आत गेले तर ताटातलं संत्रं बसकं, बुरशीने माखलेलं, आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. कॅनव्हास कोरडा ठणठणीत. वास गेलेला. आणि बाहेरून मामाजींचा आवाज, "सूनबाई, पिठलं टाक व थोडं." ते जेवत होते आणि मी समोर बसून रडत होते.

माझा स्वभाव असा की पुढच्याच आठवड्यात खात्री करायला टर्पेन्टाइनच्या बोळ्याने मी ती माशी पुसली आणि बाहेर वाढायला बसले. मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि नाक दाबलं. मी तशीच उठले आणि ओल्या रंगावर तोच ठिपका, तेच दोन फटकारे परत मारले, तेव्हा कुठे मामाजींनी घास उचलला.

म्हणून ते चित्र आमच्या जेवणघरात टांगलेलं आहे. पाहुणे हाताने माशी हाकलायला जातात आणि मग हसतात. सरांनी पाहिलं तेव्हा चष्मा काढून जवळ गेले. म्हणाले, "पाय काय बारीक काढले, मॅडम. उस्तादालेही असे जमले नसते."

पायांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. मामाजी रोज त्या चित्राखाली बसून पोटभर जेवतात. मी वाढते, आणि वर बघत नाही.