साक्ष, शिट्टी आणि कंपनीचं गेट

घरात काही वाईट झालं की माणसं भेटायला येतात, चहा पितात आणि जाताना एकेक किस्सा मागे ठेवून जातात. आमच्याकडे त्या वर्षी इतके साठले की ठेवायला डबे पुरेनात!

झालं असं, की यांची रांजणगावची कंपनी अचानक बंद पडली. शिरूरला खोली घेऊन राहणारे आणि फक्त सुट्टीला दौंडला येणारे हे, सामानासकट घरी आले. मला झोप लागेना. नोकरीची काळजी होतीच, पण त्याहून मोठा घोळ मीच घालून ठेवला होता. पाच वर्षांच्या रूथला रोजच्या प्रार्थनेत म्हणायला शिकवलं होतं, "देवा, पप्पांची कंपनी उघड." आता नाहीच उघडली, तर या पोरीला देवाबद्दल काय सांगू? माझंच अजून धड ठरलं नव्हतं!

*

आमची गुरुवारची प्रार्थना रेल्वे कॉलनीत, आळीपाळीने एकेकाच्या घरी. रूबेनमामा रिटायर्ड गार्ड. त्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी, शेवटचा डबा कधी दिसेल सांगता यायचं नाही. एकदा ते आमच्यासाठी अगदी गहिवरून प्रार्थना करत होते. मध्येच बाहेर गाडीची शिट्टी झाली. मामांनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं.

"बावीस मिनिटं लेट!"

आणि डोळा मिटून, "तर हे प्रभू, तू तरी वेळेवर ये."

*

चर्चचे पाळकसाहेब धीर द्यायला घरी आले. "निराश होऊ नका. प्रभू एक ना एक दार उघडेलच."

हे म्हणाले, "साहेब, दार राहू द्या. गेटचं बघायला सांगा!"

*

शेजारच्या सखूमावशी मूळच्या कवठे येमाईच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. चर्चला कधी गेलेल्या नाहीत, पण माझा उतरलेला चेहरा बघून गुरुवारी सोबतीला येऊन बसायच्या. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?"

मावशी ताडकन उठल्या. "म्या न्हाई! मागं भावकीच्या बांधाची साक्ष दिली, तवा तीन वर्सं कोर्टात खेपा घातल्या!"

देवाने केलेलं चांगलं काम चारचौघांत सांगायचं, एवढंच, असं त्यांना समजावलं.

"व्हय? मग हाय की! हिचा नवरा घरी बसलाय, पर रोज सकाळी हिला पाणी भरून देतोय. ह्या डोळ्यांनी बघितलंय. घ्या लिहून!"

*

मी बी.ए. झालेली, म्हणून 'आशा' या विषयावर बोलायचं माझ्यावर आलं. चार पानं लिहून काढली. उभी राहिले आणि पहिल्याच वाक्याला रडले.

पाळकबाई म्हणाल्या, "छान मांडलास गं विषय!"

*

शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर निरोप आला. गेट उघडलं! सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट. यांनी बॅग भरायला घेतली. मी रूथला जवळ ओढलं.

"बघितलंस? रोज मागत होतीस ना? देवाने ऐकलं! आता त्याला थँक यू म्हण."

रूथने हात जोडलेच नाहीत.

"काय झालं गं?"

"पप्पा परत शिरूरला जाणार. मी मोठ्याने तू शिकवलेलं म्हणायचे. आणि मनात म्हणायचे, नको उघडू."

हे बॅगेची चेन धरून तसेच उभे.

"मम्मी, पाळकसाहेब म्हणतात, देव मनातलं ऐकतो. मग त्याने मोठ्याने म्हटलेलं कशाला ऐकलं?"