टॅपेट कव्हरचं पॅकिंग

गाडी काढून टाकायची हे नवऱ्याने मला स्वतः सांगितलं नाही. गॅरेजवाल्याकडून वदवलं. किहीमच्या आमच्या अंगणात तो मेस्त्री गाडीखाली वाकला, बोटाने ऑइल पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, इंजिनाचा मागचा सील गेला हाय. गिअरबॉक्स उतरवायला लागंल. एवढ्या जुन्या गाडीला कोण करतो?" नवरा लगेच म्हणाला की धाकटा भाऊ गाडी न्यायला तयार आहे, पुढचं तो बघेल.

गाडी चौदा वर्षांची. कागदावर नवऱ्याच्या नावाची, कारण आमच्याकडे बायकोच्या नावावर फक्त गॅसचं कनेक्शन असतं. चालवायची मी. रोज अकराला जेवणाचे डबे भरायचे आणि शेजारच्या आवास आणि सासवणे गावांतल्या तीन कॉटेजवर पोचवायचे. गाडी गेली की हे काम गेलं, हे नवऱ्याला माहीत होतं. दिराला कुटुंबाला घेऊन फिरायला गाडी हवी आहे, हे मला माहीत होतं. मी आठ दिवस मागून घेतले.

ऑइल कुठून गळतं ते शोधायला गाडी आधी खालून कोरडी हवी. आमची कधीच नव्हती, आणि ती चूक माझी. खाऱ्या हवेने पत्रा खाऊ नये म्हणून दर मे महिन्यात मी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासून घ्यायचे. माझे वडील मिठाचा ट्रक चालवायचे, ते ट्रकला असंच फासायचे. ट्रकने ते सोसलं. या गाडीचे रबरी बुश त्याने फुगले, आणि खरी गळती त्या काळ्या थराखाली दिसेनाशी झाली. इतकी वर्षं मी हे हौसेने करून घेतलं. मेस्त्रीला नावं ठेवायची तर हेही लिहायला हवं.

डिझेल आणि जुना ब्रश घेऊन दोन सकाळी घासलं. पुसून, वाळवून इंजिनावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली, आवासपर्यंत जाऊन आले आणि बॉनेट उघडून बॅटरी मारली. ऑइल कधी वर चढत नाही, म्हणून ओल सर्वांत वर कुठे सुरू होते तेवढंच बघायचं. खालच्या पावडरीत काळा ओघळ होता. तो वर शोधत गेले तर थेट इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाशी, टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पोचले. तिथून ऑइल मागच्या बाजूने उतरायचं आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकायचं. मेस्त्रीने जोड पाहिला, वर पाहिलंच नाही. किंवा पाहिलं असेल.

अलिबागहून कव्हरखाली बसणारं नवं पॅकिंग आणलं. कव्हर काढलं तर जुनं पॅकिंग तळलेल्या पापडासारखं तुटलं. बसायची जागा लाकडाच्या चिपेने खरवडली, कोपऱ्यांना सीलंटचा ठिपका दिला, बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. जोर केला की कव्हर वाकतं आणि पुन्हा गळतं. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळी काजळीने चोंदली होती, तीही साफ केली. ती तशीच ठेवली असती तर आतल्या दाबाने नवं पॅकिंगसुद्धा टिकलं नसतं.

गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला. तीन दिवस डबे पोचवून परत आले की गाडी त्याच जागी लावायची आणि पुठ्ठा बघायचा. एक डाग नाही. चौथ्या दिवशी तो पुठ्ठा नवऱ्यासमोर ठेवला. म्हटलं, सील गेलेला नव्हता, गाडी द्यायचं कारण उरलं नाही.

त्याने पुठ्ठा उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "गळकी गाडी भावाला द्यायची म्हणजे मलाच लाज वाटत होती."

मी डब्यांचं विचारलं. तो म्हणाला, शब्द दिलाय, आणि डबे काय, रिक्षानेही जातील. रिक्षात आमटी किती उरते हे त्याने कधी पाहिलेलं नाही.

दीर रविवारी आला. "वहिनी, तुम्ही तर मेस्त्रीच्या पोटावर पाय दिलात," म्हणून हसला. चावी त्याने नवऱ्याच्या हातून घेतली. मी त्याला एवढंच सांगितलं की दर आठवड्याला ऑइलची पातळी बघ आणि खालून जळकं ऑइल फासू नकोस. तो हो हो म्हणाला, आरशाचा कोन बदलला आणि गेला.

महिनाभर मी रिक्षाने डबे नेले. उशीर व्हायला लागला, तशी आधी सासवण्याची दोन कॉटेज सुटली, मग आवासचं. तिन्ही मालक चांगुलपणाने बोलले. नवरा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की हिला मी आराम दिलाय.