डॉमिंगोचा दुसरा बाप्तिस्मा

सेलेस्तीनबाय आमची शेजारीण. तिच्या नि माझ्या घरामध्ये एक दगडांचा गडगा आणि दोन फणस. निवृत्त होईपर्यंत ती मराठी शाळेत शिकवायची, त्यामुळे आमच्या वाडीतले मिशा पांढऱ्या झालेले बाप्येसुद्धा ती दिसली की लुंगी खाली सोडतात. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, आणि त्याची उजळणी आदल्या रात्री घरी करते. आवाज असा, की मी माझ्या स्वयंपाकघरात बसून निम्मं शिकले आहे.

तिचा नवरा डॉमिंगो मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. प्रवचनात त्याला हमखास डुलकी लागायची, पण संध्याकाळचा तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, त्याने कधी चुकवला नाही. गुडघे गेले तेव्हा खुर्चीत बसून, आणि शेवटी शेवटी दवाखान्याच्या खाटेवर पडून. सलाईनची सुई असलेल्या हातात माळ धरता येईना, तर बायने त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून दाबली, मणी म्हणून. मी तेव्हा डबा घेऊन गेले होते. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून पुढचं सगळं मला कळलं.

त्यांचा एकुलता मुलगा अ‍ॅलन बंगळूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिथेच त्याला प्रिसिला भेटली. तिचं घराणं ज्या पंथाचं, त्याला लोक मॉर्मन म्हणतात. ‘आमच्या चर्चाचां खरां नाव लांब आसा,’ असं अ‍ॅलन दरवेळी सांगतो, आणि बाय दरवेळी म्हणते, ‘लांब आसा म्हणानच माझ्या ध्यानात ऱ्हवणा नाय.’ लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्याने त्या चर्चचा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी झालेला आमच्या इथला बाप्तिस्मा ते धरत नाहीत. आणि त्यांचा इथले फादर धरत नाहीत. दारू सोडली, कॉफी सोडली, चहासुद्धा सोडला.

“दारू सोडलंस त्याची मी मेणबत्ती लावलंय,” बाय फोनवर म्हणाली होती. “पण चाय? चायन तुझां काय वाकडां केल्यान रे?”

डॉमिंगो गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर संपताना, अ‍ॅलन, प्रिसिला आणि त्यांची सहा वर्षांची सेलिना आठवड्यासाठी आली. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याआधी सगळी ख्रिस्ती घरं आपापल्या माणसांची थडगी घासूनपुसून, चुना लावून तयार ठेवतात. पोरगा वेळेवर आला म्हणून बाय खूश होती. पण दुसऱ्याच दिवशी चर्चच्या गायनवृंदातला सॅविओ तिला बाजारात भेटला आणि बांगड्याची पिशवी हलवत म्हणाला, “बाय, सांभाळून ऱ्हव हां. ती लोकां मेलेल्यांकपण बाप्तिस्मा देतत.”

कसा देतात, हे सॅविओला ठाऊक नव्हतं. बायने त्याला विचारलंही नाही. ती घरी आली ती पांढरी पडून.

“विचार मां अ‍ॅलनाक,” मी म्हटलं.

“आणि हो म्हणालो तर?”

बाकी सगळ्यावर दोघं भांडत होती. संध्याकाळी मी कोथिंबीर द्यायला गेले तर मायलेक पोळपाटाच्या दोन बाजूंना बसलेले.

“एक देव काय तीन? तां सांग पयलां,” बाय.

“तिघे वेगळे, माय. पण मन एक.”

“म्हणजे ग्रामपंचायत.”

“आणि तुमचो एकात तीन, तो कसो?”

“तां गूढ आसा.”

“म्हणजे ठाऊक नाय.”

“ठाऊक नाय नाय रे, गूढ! चाळीस वर्षां शिकवतंय मी तां.”

अ‍ॅलन हसला. “फादर म्हणतत आमी ख्रिस्तीच नाय. आमच्या चर्चाच्या नावातच येशूचां नाव आसा, माय.”

“नावाक काय जाता? मालवणात दर तिसऱ्या खानावळीच्या नावात ‘घरगुती’ आसा.”

प्रिसिलाला मालवणी येत नाही, पण ती सासूच्या चेहऱ्याकडे बघून हसत होती. आणि ज्या प्रश्नाने बायचा जीव खाल्ला होता, तो दोघांच्या मध्ये पिठासारखा सांडलेला. कोणी हात लावत नव्हतं.

गडग्यापाशी मला सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, “दिव्या, अ‍ॅलनाच्या बापाशीक दुसऱ्या चर्चात घातलो तर वर गेल्यार तो माका खंय गावतलो गो? मी आमच्या दाराक उभी, आणि तो भलत्याच रांगेत.”

तिचं लक्ष अंगणात खेळणाऱ्या सेलिनाकडे गेलं. मॉर्मन लोक मुलांना आठव्या वर्षी बाप्तिस्मा देतात, त्यामुळे या पोरीच्या डोक्यावर अजून पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. आणि कॅथलिकांत जिवावर बेतलं असेल तर फादर नसतानाही कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. हे बायनेच मला शिकवलं होतं.

“न्हाणीत तांब्याभर पाणी आणि तीन नावां,” ती हळूच म्हणाली. “कोणाक कळतला?”

“पोरीक काय झालां नाय हां बाय, ठणठणीत आसा ती. आणि देवाक कळतला.”

“तेकाच कळूक होया!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोसे घालत होते, तर बाय मागच्या दाराने आत शिरली. अंगावर घरातला गाऊन, कोपरापर्यंत साबण. चर्चच्या वाटेला गाऊनवर जाणारी ही बाई नव्हे. कचरा टाकायलासुद्धा ती साडी नेसते.

“स्कूटर काढ! बादली घेऊन गेलो तो!”

“कोण? खंय?”

“अ‍ॅलन! बापाशीच्या थडग्यार! पाणी घेऊन गेलो गो, बाप्तिस्मा देतलो!”

मी गॅस बंद केला. वाटेत सॅविओ सायकलवरून येत होता. आम्हाला पाहून तो गटारात जाता जाता वाचला.

चर्चमागच्या दफनभूमीत अ‍ॅलन पॅण्ट दुमडून उकिडवा बसला होता आणि बापाच्या क्रूसावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडत होता. बाजूला पाण्याची बादली, चुन्याचा डबा. त्याने तांब्या उचलला आणि बाय फाटकातूनच ओरडली, “थांब! एक थेंब घालू नको तेच्यार!”

“माय? शेवाळ आसा गो.”

“शेवाळ ऱ्हवांदे! माका सॅविओन सगळां सांगलान. बापाशीक बाप्तिस्मा देतंस तू.”

अ‍ॅलनने बादलीकडे पाहिलं, हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ह्या ब्रशान?” म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. बायला नाही आलं. ती बादली आणि क्रूस यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. ते पाहिलं तसं त्याने ब्रश खाली ठेवला.

“असां नसता माय. थडग्याकडे कोण जाणा नाय. आमच्या टेम्पलात एक जिवंत माणूस पाण्यात उतरता, मेलेल्याच्या नावान.”

“म्हणजे देतत!”

“देतत. खोटां कित्याक सांगू? आमी म्हणतो, थंय तो घेऊ शकता, नको म्हणू शकता. पण असां कोणाचांय नाव देवचां नसता. बाबाक जावन दोन वर्षां झाली. इतको अलीकडचो माणूस असलो तर जवळच्याक विचारूक लागता. पयलो हक्क बायलेचो. तुझो.”

“माझो?”

“तुझो. तांच विचारूक इलंय. रोज म्हणतंय आज विचारतंय, आणि तू रोज माका ग्रामपंचायतीर नेतंस.”

बायने गाऊन सावरला. शाळेत तपासनीस आल्यावर उभी राहत असेल तशी ताठ उभी राहिली. “विचार मगे.”

“बाबासाठी करू काय?”

“नको.”

“बरां.”

एवढंच. बाय भांडायची तयारी करून आली होती. त्या एका ‘बरां’ने तिला कुठे टेकावं तेच कळेना.

“इतक्यात बरां?”

“मगे काय करू, केस घालू?”

“आणि मी मेल्यार? तेव्हा कोणाक विचारतलंस? सोताकच?”

या प्रश्नावर मात्र त्याने तांब्या बादलीत ठेवला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. तो काही तिला चुचकारणारा मुलगा नाही, आणि त्याचा विश्वास तिच्याइतकाच खरा आहे, हे मला त्या पाहण्यात दिसलं.

“तुमी दोघां कायमची एकत्र ऱ्हवक होयी, म्हणान माका तां करूचां होतां,” तो म्हणाला. “आमच्यात तेच्यासाठीच करतत. पण तुझां ‘नको’ तुझ्यामागसून पण ‘नको’च. दिव्याकाकी आसा, तिच्यासमोर सांगतंय.”

बाय शेजारच्या थडग्याच्या कठड्यावर बसली. आणि मग जो श्वास सोडला तिने! बाजारापासून धरून ठेवलेला असावा.

“एकत्रच आसंव आमी,” ती म्हणाली. “माझ्याशिवाय तेका चष्मो तरी गावता काय?”

अ‍ॅलन हसला, डोळे पुसले, चुना लागलेल्या हातानेच. गालावर पांढरा पट्टा. बाय त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मला वाटलं उठेल, तर नाही.

“माका पण विचारूचां आसा,” ती म्हणाली. “सेलिनाक बाप्तिस्मा देऊ काय?”

“नको माय. आठ वर्षांची झाली काय तिचां ती ठरवतली.”

तिला ते गिळायला किती जड गेलं ते मी सांगू शकत नाही. “बरां,” ती म्हणाली. मग एकदम, “आज सकाळी न्हाणीत तांब्यो उचललंय मी.”

अ‍ॅलन उभाच राहिला. “घातलंस?”

“नाय. तोंडात नाव इलेलां. इतक्यात झरोक्यातसून तुझी बादली दिसली नि धावत सुटलंय.” आणि दोन्ही हात डोक्याला लावून, “अरे देवा, पोरगी न्हाणीत आसा! साबण लावन बसयलंय!”

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून ती इतकी हसत होती की मला हॅण्डल सांभाळणं कठीण झालं. अ‍ॅलन मागे राहिला, त्याचा चुना सुकत होता.

घरी प्रिसिला न्हाणीच्या दारात उभी होती. आत फेसाने माखलेली सेलिना पाटावर बसून तक्रार करत होती की आजी मधेच पळून गेली. प्रिसिलाने तांब्या सासूच्या पुढे धरला. बायने तो घेतला, भरला, क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि सुनेच्या हातात परत दिला.

“तूच घाल गो,” ती म्हणाली. “माझ्या हाताचो माकाच भरवसो नाय.”

प्रिसिलाला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं, साधं, आंघोळीचं. बाय उंबऱ्यावर बसून ते बघत राहिली. फेस पूर्ण जाईपर्यंत उठली नाही.