स्वयंपाकघराचा झरोका

युद्ध माणसांना जवळ आणतं. हे वाक्य माझं नाही. ब्रिस्टलमधल्या माझ्या नातीच्या शाळेनं पाठवलेल्या पत्रात ते ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पुढच्या शुक्रवारी मुलांनी हिटलरच्या बॉम्बहल्ल्यांच्या काळातल्या मुलांसारखे कपडे घालून, गळ्यात गॅस-मास्कचा म्हणून पुठ्ठ्याचा खोका अडकवून यायचं आहे. तसा काळ पाहिलेले कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांनी पाच मिनिटं बोलायचं आहे.

"मी मिसला सांगितलं, माझ्या आजीवर बॉम्ब पडली," नात म्हणाली.

माझं युद्ध वेगळं होतं. पण त्या तपशिलात शिरायची शाळेची तयारी दिसली नाही.

एकाहत्तर साली मी आठ वर्षांची होते. आम्ही जामनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बॉम्ब विमानतळाकडे पडत, आमच्याकडे फळीवरची भांडी पडत. भोंगा वाजला की आई मला ओढून पलंगाखाली शिरे. दारासमोर खंदक खणलेला होता, पण त्यात कॉलनीतली कुत्री आधीच जाऊन बसलेली असत.

बाबा पार्सल ऑफिसात कारकून होते. युद्धानं त्यांना दंडाला बांधायची पट्टी आणि एक शिट्टी दिली. तेव्हापासून ते घरातही हळू बोलेनासे झाले. रोज अंधार पडताना ते आमच्या लायनीत कुणाचा उजेड दिसतो का ते पाहत फिरत.

"बाबा, हेर कसा ओळखायचा?"

"जो ओळखू येत नाही, तो हेर."

या कसोटीवर त्यांनी शेजारच्या तारमास्तरांना पक्कं धरलं होतं. तारमास्तर एकटे राहत आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसत. त्यांनी न्हाणीघरासकट प्रत्येक खिडकीला काळा कागद चिकटवला होता. "एवढं झाकून घेतो म्हणजे आत काहीतरी असणार," बाबा म्हणत.

मला मात्र आईचा संशय होता. एखाद्या संध्याकाळी बाबा गस्तीला निघाले की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "अहो, आज कुठल्या टोकापासून सुरुवात?" ते लांब गेले की स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची. मग दाराखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसायची. शिवाय ती दिसायला अगदी कुणाच्याही आईसारखी होती. बाबांच्या कसोटीवर यापेक्षा मोठा पुरावा नव्हता.

एका गुरुवारी बाबा तरातरा परत आले. "रुळांवरून स्पष्ट दिसला! आपल्याच टोकाला उजेड आहे. तोच तो." टॉर्चच्या काचेवर निळा कागद लावून ते स्टेशनमास्तरांना अर्ज लिहायला बसले. "उद्या पोलीस येऊन नेतील त्याला."

तारमास्तरांनी मला बोटांनी भिंतीवर कट्ट-कड वाजवून माझं नाव पाठवायला शिकवलं होतं. मी गप्प बसले असते तर ते गेले असते. बोलले तर आई जाणार होती. आई गेली तर डबा कोण करणार, असाही विचार मनात आला. तो मी शाळेत सांगणार नाही.

बाबांनी अर्जाखाली सही केली.

"बाबा," मी म्हणाले, "उजेड आपल्याकडे आहे."

त्यांनी स्वयंपाकघराचं दार ढकललं. पाटावर कलश होता. त्यावरच्या नारळाला नथ घातलेली होती, आणि पुढे आमच्या घरातली सगळ्यात मोठी समई पाच वातींनी जळत होती. आई पोथी वाचत होती. ती थांबली नाही, फक्त हातानं "जरा दम धरा" अशी खूण केली.

"अगं, ब्लॅकआउट आहे!"

आईनं ओळ पुरी केली. "ब्लॅकआउट रोजचाच आहे. मार्गशीर्षातला गुरुवार रोज येतो का?"

बाबांनी वर पाहिलं. छताजवळ हातभर रुंद झरोका होता, सताड उघडा, रुळांच्या बाजूला. त्या घरात आम्ही चार वर्षं राहत होतो. स्वयंपाकघराला झरोका आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

अर्ज त्यांनी समईवरच जाळला. त्यानं उजेड थोडा वाढला. मग दंडाची पट्टी सोडून खिशात घातली आणि ते शेजारी गेले. झरोक्याला लावायला काळा कागद हवा होता, आणि अख्ख्या लायनीत तो फक्त तारमास्तरांकडे शिल्लक होता.