कपबशीवाली अक्का

"बसू का गं जरा?" असं विचारत ती यायची आणि उत्तर मिळण्याआधीच भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. पदरानं मान पुसायची आणि समोर जे पडलं असेल ते मांडीवर ओढायची. करडईची भाजी असली तर खुडायची, तुरीच्या शेंगा असल्या तर सोलायची. माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, म्हणून अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची. माझं घर तिच्या समोरच. तिच्याकडं किती माणसं येतात-जातात ते मला नको असलं तरी दिसायचं.

आमचा वार्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पहिला फॉर्म मी भरला. बचत गटाची अध्यक्ष मी. नळाला पाणी नाही म्हणून बाया-घागरी घेऊन पंचायतीवर गेले तीही मीच. मला मेंबर व्हायचं होतं, अगदी मनापासून. गल्लीनं एकदा तरी म्हणावं, ही आमची बाई. दुसऱ्या दिवशी अक्कानंही फॉर्म भरला.

"बाया ऐकंनात गं, भरायलाच लावला. तू रागावू नगंस," ती म्हणाली.

रागावू नको म्हणे! मला फॉर्म भर म्हणायला एकही बाई आली नव्हती.

मला छत्री मिळाली, तिला कपबशी. प्रचार तुम्ही पाहिलेला आहे. रिक्षावर भोंगा, मागं बाया, पत्रक द्यायचं, पाया पडायचं, पुढचं दार. मी दुपारपर्यंत सगळा वार्ड पालथा घालायची. अक्का एकटीच निघायची आणि दिवसभरात जेमतेम एक बोळ करायची, कारण घरोघर ती बसायची. मी खूश होते. नवऱ्याला म्हणालेही, "हिचा वार्ड फुडच्या दिवाळीपतूर उरकत न्हाय बघा."

मग ती आमच्याकडं आली. माझ्याविरुद्ध उभी असलेली बाई, माझ्याच घरात, माझ्याच सासूबाईंना खेटून बसली.

"अक्का, हितं कशाला?"

"का? तुझं घर वार्डात न्हाय व्हय?"

मी चहाचं आधण ठेवलं. तिनं सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळलं. माकणीच्या धरणात गेलेल्या त्यांच्या माहेरच्या शेताच्या गोष्टी ऐकल्या. त्या मला तोंडपाठ आहेत, आणि अक्काही ऐकून असणारच; पण ती "व्हय का?" म्हणाली की सासूबाई नव्या दमानं सुरू. मताचं नाव न काढता ती चहा पिऊन गेली.

"आत्याबाई, मत कुणाला?" मी विचारलं.

"तुलाच की." त्यांनी तोंड फिरवलं. "पर ती लई येळ बसली व्हती गं."

मी पडले. तालुक्याहून, लोहाऱ्याहून निकाल आला, समोरच्या दारात गुलाल उधळला आणि वाऱ्यानं तो आमच्या उंबऱ्यावर आला. मी झाडून काढला. संध्याकाळी ती आलीच, केसांत गुलाल घेऊन. "सकाळपासनं पोटात काय न्हाय बघ. तिकडं लोकं जेवूच देईनात." पडलेल्या बाईनं निवडून आलेलीला पिठलं-भाकरी वाढायची! खाऊन म्हणाली, "तुझ्या हाताला चव हाय गं." तिचं ते बोलणं मनापासूनचं होतं, त्यामुळं मला धड रागही धरता येईना.

मेंबर म्हणून ती ग्रामसभेत डुलक्या काढायची. नव्या पाइपलाइनसाठी पंचायत समितीत चकरा मारल्या मी, आणि पाणी आल्यावर बायांनी नारळ दिला तिच्या हातात. तिनं तो माझ्याकडं सरकवला. "हिनं आणलंय पाणी, हिलाच फोडू द्या." मी फोडला. टाळ्या मात्र तिलाच पडल्या, किती मोठं मन म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. शेतात तिला माती द्यायला एवढी माणसं आली की बांधावर उभं राहायला जागा उरली नाही. माझ्या मनात आलं, आपल्यामागं एवढी येतील का? मेलेल्या बाईचा कुणी हेवा करतं का? मी केला. आणि रडलेही, अगदी हुंदके देऊन.

तिच्या जागेवर पोटनिवडणूक लागली. माझ्यासमोर कुणीच उभं राहिलं नाही. बिनविरोध मेंबर झाले.

दुसऱ्या दिवशी एकटीच गल्लीत निघाले. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मावशी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी खाली बसणार एवढ्यात त्या गडबडीनं उठल्या.

"खाली नगा बसू! अगं ए, खुर्ची आण, मेंबरीणबाई आल्यात!"

सुनेनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली. कालपर्यंत मावशी मला अगं म्हणत होत्या. मेंबर झाल्यावरही अक्काला या गल्लीत कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि शेंगांकडं हात केला, तर त्यांनी सूप मागं ओढलं.

"ऱ्हाऊ द्या, हात खराब व्हत्याल. काय काम काढलंत?"

"काम न्हाय, मावशी. बसायलाच आले."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि हात झाडून, मी कामाचं कधी बोलते याची वाट पाहत उभ्या राहिल्या.