‘निवांत’ हे नाव कुणाचं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे उशीकाकू म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षं इस्पितळात आया म्हणून गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड कसं सोलवटतं, ते त्यांनी रोज पाहिलं होतं. पुढे त्यांची आईच पडून राहिली. तेव्हा काकूंनी जुन्या चादरी उसवून एक उशी शिवली, मधे खोलगट, कडांना घट्ट भरलेली. टाच त्या खोलगट जागेत अधांतरी राहायची, कशाला टेकायची नाही. आई म्हणाली, "आता कुठे निवांत वाटतंय गं." काकूंनी त्या उशीच्या कडेवर लाल दोऱ्याने ‘निवांत’ असं टाचलं.

आई गेली, पण उशा शिवणं थांबलं नाही. इस्पितळातले पेशंट घरी जाताना मागून न्यायला लागले. प्रत्येकीवर काकू तसंच लाल दोऱ्याने नाव टाचत. शेवटी त्यांनी नोकरी सोडली, पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि दुकानाचा परवाना स्वतःच्या नावाने काढला. परवान्यावर ठळक अक्षरांत ‘निवांत’ होतं. तो भिंतीवर टांगून काकू नावाची काळजी मिटली असं समजल्या.

विक्रीचं सगळं त्यांच्या धाकट्या दिराने अंगावर घेतलं. तो औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता आणि त्याच्या जिभेवर साखर होती. तो बोलायला लागला की धडधाकट दुकानदारालासुद्धा आपली कंबर दुखत असल्याचा भास व्हायचा. "वहिनी, तुम्ही शिवा. विकायचं माझ्यावर सोडा," तो म्हणाला आणि बोलल्याप्रमाणे वागला. त्याने निळ्या अक्षरांची कापडी लेबलं करून आणली, दुकानं जोडली. हाताने नाव टाचायचं काकूंचं काम सुटलं.

मग एका दुपारी काकू इस्पितळासमोरच्या दुकानात माल द्यायला गेल्या. दुकानदार घुटमळला. "काकू, आता माल तुमच्याकडून घ्यायचा की कंपनीकडून?"

"कुठली कंपनी?"

त्याने काउंटरखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली उशी काढली. मशीनवरची, पातळ फोमची. वर नाव तेच. काकूंनी मधे अंगठा दाबला, तो थेट तळाला लागला. "यात टाच टेकेल हो," त्या पुटपुटल्या. दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "या उशा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस सांगून गेला. हे नाव त्यांनी तुमच्या दिराकडून घ्यायचं ठरवलंय. ट्रेडमार्कचा अर्ज दिराच्या नावाने आहे म्हणे. दुसऱ्या कुणी वापरलं तर कोर्टात खेचू म्हणाला."

 माल तिथेच ठेवून काकू घरी आल्या. संध्याकाळी दीर आला, तशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, हे खरं आहे का?"

तो आधी हसला, मग हसू आवरलं. "वहिनी, अर्जात कुणाचं तरी नाव घालायचं होतं, माझं घातलं. घरातलंच तर होतं."

"आणि विकायला निघालात ते?"

"दोन खोल्यांत बसून तुम्ही शिवणार किती? मी वणवण फिरलो नसतो, तर ही उशी इस्पितळाच्या फाटकाबाहेर तरी गेली असती का?"

यातला शेवटचा भाग खरा होता, म्हणूनच काकूंना तो जास्त लागला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कारखान्यातून नुकताच आलेला तो माणूस बुटाची नाडी सोडत होता, सोडतच राहिला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बाई गं, एका नावापायी माझी पोरं एकमेकांपासून तोडू नकोस."

काकूंनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मग त्या एका वकीलबाईंकडे गेल्या. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. जिना चढताना खालच्या मशीनची घरघर पायांत जाणवायची. काकूंनी भिंतीवरून काढून आणलेला परवाना टेबलावर ठेवला.

वकीलबाईंनी तो वाचून परत सरकवला. "हा धंदा चालवायचा परवाना आहे. नावावरचा हक्क यातून मिळत नाही."

"म्हणजे नाव गेलं?"

"अजून नाही. अर्ज केला की लगेच नाव मिळतं असं नसतं. अर्ज जाहीर करतात, कुणाची हरकत असेल तर ती घ्यायला मुदत देतात. तुमची मुदत अजून आहे. त्यांच्या आधीपासून हे नाव तुम्ही वापरताय, एवढं दाखवता आलं पाहिजे."

"अहो, आख्खी गल्ली सांगेल!"

"गल्ली सांगेल, पण कधीपासून ते कशावरून? लेबल तर दिरांनी आणलंय. त्याच्या आधीचं काहीतरी हवं. जुनी उशी, फोटो, काहीही. आणि दिरांशी काही लिहून ठेवलं होतं का, कुणाचं काय ते?"

"दिराशी कोण लिहून ठेवतं?"

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," वकीलबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

लाल दोऱ्याची उशी शोधायला काकू घरोघर हिंडल्या. पण ज्यांच्यासाठी त्या उशा शिवल्या होत्या, ती माणसं राहिली नव्हती, आणि गेलेल्या माणसाचं अंथरूण कुणी जपून ठेवत नाही. दार उघडणारे त्यांना ओळखायचे, आत बोलवायचे, मग डोळे पुसायचे. एका घरी उशी होती, पण तिच्यावर मांजर व्यालं होतं आणि नावाची कड कुरतडली गेली होती. आपण लोकांच्या जखमा उकरत फिरतोय असं काकूंना वाटायला लागलं.

शेवटी एका शिक्षिकेच्या घरी फोटो निघाला. तिचे वडील पलंगावर, पायांखाली उशी, कडेवर लाल अक्षरं स्पष्ट. मोबाईलमध्ये तारीखही होती. ती म्हणाली, "हा फोटो मी कुणाला दाखवत नाही. यात बाबा बाबांसारखे दिसत नाहीत."

काकू उठल्या. "मग राहू दे गं. त्यांना कचेरीत नाही न्यायचं."

त्या जिन्यापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून हाक आली. "काकू, शेवटी त्यांना झोप लागायची ती त्या उशीमुळे. मी येते, मी स्वतः प्रतिज्ञापत्र देते."

मुदतीच्या आत हरकत दाखल झाली. वाद आहे म्हटल्यावर कंपनीने अंग काढून घेतलं. भांडणातलं नाव त्यांना नको होतं. सुनावणीला दीर आणि काकू एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. शिक्षिकेच्या वडिलांचा फोटो टेबलावर फिरत होता तेव्हा दिराने तो पाहिला आणि नजर खिडकीकडे वळवली. त्याचा अर्ज फेटाळला गेला. पुढे बऱ्याच काळाने नाव काकूंच्या नावावर नोंदलं गेलं.

तोवर दीर घर सोडून गेला होता, सासूबाईंना घेऊन. काकूंचा नवरा महिन्याला जाऊन आईला भेटतो आणि आल्यावर तिथलं काही बोलत नाही. दिराने जोडलेली अर्धी दुकानं सुटली. काकू पिशवी घेऊन उरलेल्यांची पायरी चढतात, पण बोलायची वेळ आली की नुसती उशी काउंटरवर ठेवतात.

मध्यंतरी त्यांच्या भाचीने विक्रीत हातभार लावायची तयारी दाखवली. काकू तिला आधी वकीलबाईंकडे घेऊन गेल्या, करार लिहायला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर भाची हळूच म्हणाली, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

 खालच्या मशीनची घरघर चालू होती. आतून हाक आली, तेव्हा आधी काकू उठल्या, आणि थोडं थांबून भाची.