काकूंच्या माहेरचं घर

जगाचं काही खरं नाही, याची माझ्या नवऱ्याच्या काकांइतकी पक्की खात्री मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. जर्मनीत, आखनमध्ये जन्मभर काँक्रीटच्या इमारतींची गणितं करून ते निवृत्त झाले आणि काँक्रीटवरूनही त्यांचा विश्वास उडाला. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा प्रसाद तोंडात टाकायच्या आधी भिंतीवर टिचकी मारली आणि "पन्नास वर्षं. फार तर," एवढाच आशीर्वाद दिला.

काकू आयर्लंडच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या. त्यांचं माहेरचं घर कधीच पडून गेलं होतं. काकू गेल्या, आणि काकांनी ते घर पुन्हा बांधायला घेतलं. तेही गावाबाहेरच्या आपल्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे फेराइनकडून, बागवाल्यांच्या संघाकडून, भाड्याने मिळालेल्या बागेच्या तुकड्यात. सिमेंट अजिबात नाही. शेतातले दगड, मातीचा गारा, दोन फूट जाडीच्या भिंती, वरून चुना. घराची रुंदी किती, तर छपराला मिळेल त्या लाकडाच्या लांबीएवढी. म्हणून खोल्या एका ओळीत. हे सगळं ते मला दर भेटीत नव्याने समजावत, शेवटी "पण जमायचं नाही हे," म्हणत आणि पुन्हा गारा तुडवायला लागत.

छपरासाठी लांब काडाचा पेंढा हवा होता आणि हल्लीचा गहू बुटका. कित्येक रविवार मी त्यांना गाडीतून शेतकऱ्यांकडे हिंडवलं. एकाने विचारलं, "आल्झो, म्हणजे पेंढा गुरांना हवाय का?"

"नाही," काका म्हणाले, "बायकोला."

भिंती छातीएवढ्या झाल्या आणि फेराइनचं पत्र आलं: बागेत फक्त लाकडी खोपटं चालतं, बांधकाम काढून टाका. आपण अर्ज करू, म्हणून मी हटून बसले. काकांनी पत्र दोनदा वाचलं. नियम बरोबर आहे, त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं, म्हणाले. मग कुणालाही हात लावू न देता त्यांनी स्वतःच एकेक दगड उतरवला.

शेवटच्या शनिवारी मी गेले, तेव्हा पश्चिमेची एकच भिंत उरली होती. नोव्हेंबरचा वारा नुसता झोंबत होता. काकांनी मला दंडाला धरून भिंतीच्या आडोशाला उभं केलं आणि स्वतः शेजारी येऊन थांबले. वारा एकदम थांबला.

"ती म्हणायची, आमच्याकडे घर म्हणजे एवढंच," ते म्हणाले.

मग त्यांनी वरचा दगड काढला आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिला.